पडद्यावर बावळट दिसणारा 'रड्या' हाच लॉरेल-हार्डीच्या जोडीचा खरा मेंदू होता

मोबाईलवर स्क्रोल करताना एक क्लिप तुमच्यासमोरून एकदा तरी गेली असणार. चित्र ब्लॅक अँड व्हाईट. एका दारूच्या गुत्त्याबाहेर काही गडी गाणं म्हणत बसलेत. त्यांच्या समोर दोघं जण उभे आहेत, एक अंगानं भरलेला आणि एक काटकुळा. आधी पाय हलतो, मग मान डोलायला लागते आणि बघता बघता दोघं अशी काही पावलं टाकतात की आपण अंगठा थांबवून ती क्लिप शेवटपर्यंत बघतो.

या क्लिपखाली लोकांनी रॉकपासून डिस्कोपर्यंत काय काय लावून बघितलंय. गंमत म्हणजे दरवेळी ताल जुळतोच.

ही क्लिप घरातल्या मोठ्यांना दाखवा. लॉरेल-हार्डी हे नाव तोंडात येण्याआधी त्यांच्यातलं कुणीतरी हमखास म्हणेल, अरे हे तर जाड्या-रड्या!

मराठी माणसानं या हॉलिवूडच्या जोडीचं केलेलं हे बारसं. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. काहीही बिघडलं की काटकुळा स्टॅन डोक्यावरचे केस खाजवायचा, तोंड वाकडं करायचा आणि लहान पोरासारखा भोकाड पसरायचा. म्हणून तो रड्या.

पण खुद्द स्टॅनला पडद्यावरचं हे रडणं अजिबात आवडायचं नाही. लोक हसतात म्हणून तो ते करत राहिला, एवढंच. आणि पडद्यावर ज्याला साधी शिडी धड धरता येत नव्हती, तोच माणूस पडद्यामागं या जोडीचे विनोद लिहायचा, दिग्दर्शकाला सूचना द्यायचा आणि एडिटिंगला बसून कुठला शॉट किती लांब ठेवायचा ते ठरवायचा.

तर आजची गोष्ट या रड्याची.

बापाची टोपी आणि पोराचं पदार्पण

स्टॅनचं खरं नाव आर्थर स्टॅन्ले जेफरसन. १६ जून १८९० रोजी इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टन या छोट्याशा गावात त्याचा जन्म झाला. बाप नाट्यगृहं चालवायचा, आई नटी. दोघांचा मुक्काम आज या गावात तर उद्या त्या गावात, त्यामुळं पोरगं बराच काळ आजी-आजोबांकडं वाढलं.

पुढं वडिलांनी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोचं एक थिएटर चालवायला घेतलं आणि कुटुंब तिकडं गेलं. पोराचं शाळेत लक्ष नव्हतंच. १९०६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यानं वडिलांना न सांगता ग्लासगोच्या दुसऱ्याच एका नाट्यगृहात विनोदी कार्यक्रम ठरवला. अंगावर कपडे वडिलांचे आणि डोक्यावर टोपीही त्यांचीच.

नेमके त्याच दिवशी वडील तिथं येऊन बसले. पोरानं त्यांना बघितलं आणि कार्यक्रम संपल्या संपल्या धूम ठोकली. त्या गडबडीत वडिलांच्या चांगल्या टोपीची पार वाट लागली. आता मार बसणार या भीतीनं पोरगं घरी आलं, पण ओरडासुद्धा बसला नाही. बापाला कळून चुकलं होतं की हा काही नाट्यगृहाच्या हिशेबाच्या वह्या लिहिणार नाही.

चॅप्लिन व्हायोलिन वाजवायचा आणि हा स्वयंपाक करायचा

त्या काळी इंग्लंडमध्ये फ्रेड कार्नो नावाच्या माणसाची विनोदी नाटक कंपनी जोरात होती. पडणं, धडपडणं, एकमेकांच्या अंगावर काहीतरी सांडणं आणि हे सगळं घड्याळाच्या काट्यावर बसवलेलं, अशी तिथली तालीम असायची. स्टॅन या कंपनीत शिरला. तिथला स्टार होता त्याच्यापेक्षा वर्षभरानं मोठा असलेला एक पोरगा, चार्ली चॅप्लिन.

१९१० मध्ये ही कंपनी जहाजानं अमेरिकेला निघाली. जहाजात चॅप्लिन होता आणि स्टॅनही. चॅप्लिन आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं, हे स्टॅनचं काम.

दौऱ्यात दोघं एकाच खोलीत राहायचे. पैसे वाचवायचे म्हणून स्टॅन खोलीतच गॅसवर काहीतरी शिजवायचा. लॉजमध्ये त्याला परवानगी नसायची. मग तळण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चॅप्लिन दाराशी उभा राहून व्हायोलिन वाजवायचा.

१९१३ च्या शेवटी चॅप्लिन सिनेमात गेला आणि बघता बघता जगप्रसिद्ध झाला. इकडं त्याच्याशिवाय कंपनीचा खेळ बघायला कुणी तयार होईना. कंपनी गुंडाळली गेली आणि स्टॅन अमेरिकेतच राहिला. मिळेल तिथं छोटे-मोठे स्टेज शो करू लागला. त्यातल्या एका शोमध्ये तो चक्क चॅप्लिनची नक्कल करायचा. एकेकाळी ज्याच्याबरोबर खोली वाटून घेतली, त्याचीच नक्कल करून पोट भरायची वेळ आली होती.

पुढं चॅप्लिननं आपलं जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, पण त्यात स्टॅनचं नाव नाही.

याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की इंग्रजीत 'स्टॅन जेफरसन' लिहिलं की बरोबर तेरा अक्षरं होतात. तेराचा आकडा अशुभ. म्हणून जेफरसनचा लॉरेल झाला.

मटणानं जुळवलेली जोडी

आता जाड्याकडं येऊ. ऑलिव्हर हार्डीचा जन्म १८ जानेवारी १८९२ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. आवाज गोड, गाण्याची आवड. गावातल्या सिनेमा थिएटरमध्ये काम करता करता त्याला वाटलं की पडद्यावर दिसतात त्यांच्यापेक्षा आपण नक्कीच बरं काम करू. तो सिनेमात गेला आणि खलनायकाच्या छोट्या भूमिका करायला लागला.

दोघं पहिल्यांदा एका पडद्यावर दिसले ते 'द लकी डॉग' या १९२१ च्या छोट्या मूकपटात. पण तेव्हा जोडी वगैरे काही नव्हती. काम झालं आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले.

१९२६ मध्ये स्टॅन निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत होता. अभिनय बाजूला ठेवून त्यानं लेखन आणि दिग्दर्शन करायचं ठरवलं होतं. त्याच स्टुडिओत हार्डी नट म्हणून होता. एक दिवस हार्डी घरी मटण भाजत होता. त्यात हात असा भाजला की शूटिंगला येणं शक्य नव्हतं. ऐनवेळी दुसरा नट कुठून आणायचा? रोचनं स्टॅनलाच मेकअप करून उभं केलं.

म्हणजे त्या दिवशी हार्डीचा हात भाजला नसता, तर स्टॅन कदाचित कायमचा कॅमेऱ्यामागंच राहिला असता.

पुढं स्टुडिओतल्या लिओ मॅककेरी या दिग्दर्शकानं दोघांतली गंमत हेरली आणि १९२७ पासून जोडी जमली. एकाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं आणि दुसऱ्याला काहीच वाटत नाही. दोघंही तितकेच मूर्ख. पण जाड्याला वाटतं की मूर्ख फक्त रड्याच आहे. सगळी गंमत इथंच होती.

या मूर्खपणामागं बारीक कष्ट होते. चाल फताडी दिसावी म्हणून स्टॅन बुटांच्या टाचा काढून टाकायचा. एका सिनेमात कैद्याची भूमिका होती म्हणून त्यानं डोकं भादरलं. नंतर केस वाढताना ते उभेच राहायला लागले. लोक ते बघूनच हसतात म्हटल्यावर त्यानं ते तसेच ठेवले.

बोलपट आले तेव्हा मूकपटातल्या भल्याभल्यांची दुकानं बंद झाली. या दोघांना मात्र आवाजानं उलट बळ मिळालं. डबिंग रुळायच्या आधीच्या त्या दिवसांत त्यांनी आपले काही सिनेमे स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशा भाषांमध्ये पुन्हा शूट केले. भाषा येत नव्हती. समोर फळ्यावर उच्चार लिहिलेले असायचे आणि दोघं ते वाचून बोलायचे.

१९३२ मध्ये आला 'द म्युझिक बॉक्स'. गोष्ट एका ओळीची. दोघांना एक पियानो लांबलचक जिन्यावरून वरच्या घरात पोचवायचाय. पियानो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. या छोट्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. १३३ पायऱ्यांचा तो जिना लॉस एंजेलिसमध्ये आजही आहे.

घरात मात्र हसू नव्हतं

पडद्यावर खोटं रडणाऱ्या या माणसाच्या घरात खरं रडू बरंच होतं. मे १९३० मध्ये त्याला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं ते बाळ जेमतेम नऊ दिवस जगलं. १९३३ च्या शेवटी त्याचा भाऊ टेडी दात काढायला डॉक्टरकडं गेला. भूल म्हणून त्याला लाफिंग गॅस दिला होता. त्यातच तो गेला.

संसारही टिकेना. लग्नं झाली, मोडली, एकीशी तर दोनदा लग्न झालं आणि दोनदा मोडलं. पेपरवाल्यांना रोज नवा मसाला मिळायचा. त्याच काळात सेटवर मात्र एकाहून एक सरस सिनेमे तयार होत होते.

आणि मग तो नाच

आता सुरुवातीच्या क्लिपकडं येऊ. ती आहे १९३७ च्या 'वे आऊट वेस्ट' या सिनेमातली. दिग्दर्शक जेम्स हॉर्न.

गोष्ट साधी आहे. एका मेलेल्या माणसानं आपल्या मुलीच्या नावानं सोन्याच्या खाणीचे कागद ठेवलेत. ते तिच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी या दोन विद्वानांवर आहे. मुलगी एका गुत्त्यात राबतेय. गुत्त्याचा मालक लबाड, त्याची बायको त्याहून लबाड. मालक आपल्या बायकोलाच ती मुलगी म्हणून पुढं करतो आणि आपले हिरो खाणीचे कागद तिच्या हातात ठेवून मोकळे होतात. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते कागद परत मिळवायची धडपड.

हा पोटभर हसवणारा सिनेमा आहे आणि तितकाच गाण्यांचाही आहे. गुत्त्याबाहेरच्या त्या नाचामागं एक तांत्रिक गंमत आहे. दोघांच्या मागं दिसणारा रस्ता खरा नाही. मागच्या पडद्यावर आधी शूट केलेलं चित्र सोडलंय आणि त्याच्यापुढं हे दोघं नाचतायत. नाचात पडणं नाही, धडपडणं नाही. हार्डीसारखा वजनदार माणूस पिसासारखा हलका वाटतो आणि आपण हसता हसता त्यांच्याकडं कौतुकानं बघायला लागतो.

दुसरं गाणं गुत्त्याच्या आतलं. हार्डी आपल्या गोड आवाजात गातो आणि स्टॅन त्याला साथ देतो. अचानक स्टॅनच्या तोंडून जाडाभरडा, खर्जातला आवाज निघतो. तो आवाज दुसऱ्याचा, चिल विल्स या गायक-नटाचा. हार्डी वैतागून त्याच्या डोक्यात हातोडा घालतो. मग त्याच तोंडातून बाईचा नाजूक आवाज निघतो आणि रड्या आडवा होतो.

या गाण्याची खरी कमाल पुढं झाली. १९७५ मध्ये, म्हणजे दोघंही जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, इंग्लंडमध्ये त्याची रेकॉर्ड निघाली आणि विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरावर जाऊन बसली. पहिल्या नंबरावर होतं क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

सिनेमातला आणखी एक प्रसंग बघाच. स्टॅन पैज लावतो की कागद परत मिळाले नाहीत तर हार्डीची टोपी खाईन. कागद मिळत नाहीत आणि हार्डी त्याला खरोखर टोपी खायला लावतो. रड्या रडत रडत पहिला घास घेतो. मग त्याला चव लागते. तो गळ्याला रुमाल बांधतो, टोपीवर मीठ भुरभुरतो आणि चवीनं खायला लागतो. ते बघून जाड्याच्याही तोंडाला पाणी सुटतं आणि तोही हळूच एक घास चाखून बघतो. शूटिंगसाठी ती टोपी लिकोरिस या काळ्या, चिवट गोड पदार्थाची केली होती.

सिनेमाच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि श्रेयनामावलीत निर्मितीच्या जागी नाव होतं स्टॅन लॉरेलचं. सिनेमाचा मालक मात्र तो नव्हता.

कराराची मेख

हॅल रोचनं सुरुवातीपासून एक हुशारी केली होती. जोडी एकच, पण करार दोन. स्टॅनचा वेगळा, हार्डीचा वेगळा आणि दोन्हींच्या तारखाही वेगळ्या. एकाचा करार संपायचा तेव्हा दुसरा अडकलेला असायचा. त्यामुळं दोघं मिळून कधी रोचसमोर बसून आमच्या अटी अशा म्हणू शकत नव्हते. दोघांनी एकत्र बाहेर पडून स्वतःची कंपनी काढायची वाटही त्यामुळं बंद होती.

स्टॅनला हार्डीपेक्षा जास्त पैसे मिळायचे, कारण त्याचं काम शूटिंगनंतरही चालायचं. हार्डीला याबद्दल कधी राग नव्हता. शूटिंग संपलं की तो गोल्फ खेळायला जायचा आणि स्टॅन एडिटिंगच्या खोलीत. तयार सिनेमा आधी साध्या प्रेक्षकांना दाखवला जायचा. लोक कुठं आणि किती वेळ हसतात ते बघायचं आणि हसण्यात पुढचा संवाद बुडू नये म्हणून तिथं शॉट वाढवायचा, अशी ती पद्धत होती.

पण सिनेमावर हक्क कुणाचा यावरून रोच आणि स्टॅन यांचं बिनसत गेलं. १९३८ मध्ये रोचनं स्टॅनला काढून टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं. तोवर हार्डीचा करार चालूच होता, त्यामुळं त्याला दुसऱ्याच नटाबरोबर 'झेनोबिया' नावाचा हत्तीवरचा सिनेमा करावा लागला. लोकांना ती जोडी पटली नाही. वाद मिटला, स्टॅन परत आला, पण १९४० मध्ये दोघांनीही रोचचा स्टुडिओ सोडला.

बाहेर मोठ्या स्टुडिओंनी दार उघडलं खरं, पण तिथं सगळं साच्यातलं. दुसऱ्यानं लिहिलेलं बोलायचं, दिग्दर्शक सांगेल तिथं उभं राहायचं. स्टॅनला एडिटिंगच्या खोलीत जागा नव्हती. सिनेमे चालले, पण त्यातला जीव गेला होता. १९४५ नंतर हॉलिवूडनं त्यांना मोठ्या भूमिकेचा सिनेमाच दिला नाही.

चर्चच्या घंटांनी वाजवलेली धून

मग दोघं इंग्लंडला स्टेज शो करायला गेले. १९४७ मध्ये स्टॅन आपल्या जन्मगावी गेला तेव्हा अल्व्हरस्टनच्या रस्त्यावर माणूस मावत नव्हता.

१९५३ मध्ये त्यांचं जहाज आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागलं. आता आपल्याला कोण ओळखणार, असं दोघांना वाटत होतं. बघतात तर धक्क्यावर ही गर्दी. आणि गावच्या कॅथेड्रलच्या घंटा वाजायला लागल्या. घंटांवर वाजत होती त्यांच्या सिनेमाची ती ओळखीची कुक्कू धून. दोघांनाही रडू आवरलं नाही.

१९५५ मध्ये टीव्हीसाठी रंगीत कार्यक्रम करायचं ठरत होतं. तेवढ्यात स्टॅनला पक्षाघाताचा झटका आला. तो जरा सावरतोय तोवर १९५६ मध्ये हार्डीला झटका आला आणि त्याची वाचा गेली. ७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी गेला. स्टॅनची तब्येत इतकी खालावली होती की डॉक्टरांनी त्याला अंत्यसंस्कारालाही जाऊ दिलं नाही.

त्यानंतर स्टॅननं पुन्हा कधीच अभिनय केला नाही. कामं विचारली गेली, त्यानं सगळ्यांना नकार दिला.

टेलिफोन डिरेक्टरीतला सुपरस्टार

तोवर या जोडीचे जुने सिनेमे टीव्हीवर लागायला लागले होते. नवी पिढी त्यांच्यावर फिदा होती. स्टॅनला त्यातून मिळत काय होतं? काहीच नाही. सिनेमे स्टुडिओचे होते.

त्याला दुःख पैशांचं नव्हतं, कापाकापीचं होतं. जाहिराती घुसवायला चॅनलवाले कुठंही कात्री लावायचे. हसू येण्यासाठी त्यानं मोजून ठेवलेल्या जागाच उडायच्या. मी स्वतः फुकट एडिट करून देतो, असं त्यानं कळवलं, पण कुणी दाद दिली नाही.

कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला समुद्राजवळच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये तो चौथी बायको ईडाबरोबर राहायचा. हे लग्न मात्र शेवटपर्यंत टिकलं. त्याचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला होता. कुणीही फोन करावा, रड्या स्वतः उचलायचा. कुणीही भेटायला यावं, दार उघडं. अशाच एका फोनवरून पुढं मोठा नट झालेला डिक व्हॅन डाइक त्याच्या घरी पोचला आणि घरचाच झाला. जगभरातून पत्रं यायची आणि स्टॅन टाइपरायटरवर बसून उत्तरं लिहायचा.

१९६१ मध्ये त्याला मानद ऑस्कर जाहीर झालं. तब्येतीमुळं तो सोहळ्याला जाऊ शकला नाही. त्याच्या वतीनं डॅनी के या नटानं ते स्वीकारलं. हार्डी हे बघायला हवा होता, ही रुखरुख त्याला लागून राहिली.

२३ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी स्टॅन गेला. अंत्यसंस्काराला बस्टर कीटनसारखा दिग्गज आला होता आणि निरोपाचं भाषण डिक व्हॅन डाइकनं केलं.

त्याच्या त्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हार्डी गेला होता, सिनेमा होणार नव्हता, पैसे मिळणार नव्हते. तरीही स्टॅन टेबलावर बसून नवे विनोद लिहायचा. त्यात पात्रं दोनच असायची, जाड्या आणि रड्या.

तेव्हा पुढच्या वेळी ती नाचाची क्लिप समोर आली तर एकदा मूळ गाण्यासकट बघा. जमलं तर सगळा 'वे आऊट वेस्ट' बघा, तासाभराचाच आहे. आणि बघताना त्या काटकुळ्यावर लक्ष ठेवा. त्याच्या चेहऱ्यावर काहीच कळत नसल्याचे भाव आहेत, पण त्या फ्रेममधलं सगळं काही कळणारा माणूस तोच आहे.